रहस्यकथांचे एक वर्ष: आनंदासाठी केलेल्या वाचनाची आखणी

रहस्यकथा, गूढकथा, भयकथा आणि विज्ञानकथा यांच्या सोबतीने एक अख्खे वर्ष काढायचे ठरवले, तर किती पुस्तके वाचायची याचा आकडा आधी ठरवू नये. पन्नास किंवा शंभर पुस्तकांचा संकल्प सोडला की वाचक नकळत बारीक पुस्तके शोधू लागतो आणि मनात न भरलेले पुस्तकही केवळ हिशोबासाठी रेटत राहतो. त्याऐवजी वर्षाचे पाच-सहा भाग पाडावेत आणि प्रत्येक भागात एकाच लेखकाची किंवा एकाच परंपरेची पुस्तके सलग वाचावीत. असे करण्याचे कारण या साहित्याच्या घडणीतच आहे. रहस्यकथेतला धक्का वाचकाच्या अपेक्षेवर उभा असतो. कथा एरवी कशी चालते हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्यालाच ती नेमकी कुठे वळली हे कळते. म्हणून एका लेखकाचे गाजलेले एकच पुस्तक वाचून पुढे जाणाऱ्याला जे मिळते, त्याच्या कितीतरी पट त्याच लेखकाची पाच पुस्तके ओळीने वाचणाऱ्याला मिळते. ओळखीमुळे या साहित्यातली गंमत कमी होते हा समज मला मुळीच मान्य नाही.

आरंभ लघुकथांनी करावा, आणि त्यासाठी शेरलॉक होम्सइतकी सोयीची जागा दुसरी नाही. आर्थर कॉनन डॉईल यांनी होम्सवर 4 कादंबऱ्या आणि 56 कथा लिहिल्या. पहिली कादंबरी 1887 मध्ये आली, तरी होम्स घराघरांत पोहोचला तो 1891 च्या जुलैपासून ‘स्ट्रँड’ मासिकात येऊ लागलेल्या कथांमुळे. त्यामुळे प्रकाशनाचा क्रम पाळण्याच्या हट्टाने कादंबरीपासून सुरुवात करण्याऐवजी 1892 मधला बारा कथांचा पहिला संग्रह आधी हाती घ्यावा. मराठीतून वाचायचे असेल तर भालबा केळकर यांनी केलेले अनुवाद आहेत. एका बैठकीत एकच कथा वाचावी, फार तर दोन. बारा कथांचा एका दिवसात फडशा पाडला तर त्या एकमेकींत मिसळून जातात आणि आठवड्याभराने कोणतीच नीट आठवत नाही. वाचताना बेकर स्ट्रीटवरच्या खोलीत येणारा अशील आपली हकीकत कशी सांगतो, त्याकडे विशेष लक्ष द्यावे. पुढच्या तपासाला लागणारे बरेचसे धागे त्या पहिल्या दोन-तीन पानांतच पडलेले असतात, आणि ते ऐकताना कथा सांगणाऱ्या वॉटसनबरोबर आपणही बहुधा चुकीच्या गोष्टीकडे पाहत असतो. मात्र डॉईल दरवेळी सगळे पुरावे वाचकासमोर मांडत नाहीत. होम्स काहीतरी उचलून खिशात टाकतो आणि ते काय होते हे आपल्याला शेवटी समजते. ही गोष्ट या टप्प्यावर लक्षात आली, की पुढच्या टप्प्यातल्या लेखकांनी काय बदल केला ते आपोआप उमगते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमधल्या रहस्यकथाकारांनी वाचकाशी सरळ खेळण्याचा दंडक स्वतःवर घालून घेतला. रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले आणि 1930 मध्ये लंडनला ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. गुन्हेगार कथेच्या आरंभीच्या भागात दिसला पाहिजे, गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही कळला पाहिजे, अशा स्वरूपाचे ते नियम होते. या काळासाठी वर्षातले दोन महिने तरी राखून ठेवावेत, आणि त्यांतला मोठा वाटा अगाथा ख्रिस्ती यांना द्यावा. त्यांच्या 66 रहस्यकादंबऱ्या आहेत, त्यामुळे निवड करावीच लागते, आणि येथे क्रमाला फार महत्त्व आहे. 1920 मधल्या पहिल्याच कादंबरीत हर्क्यूल पोयरो हा त्यांचा गुप्तहेर भेटतो. पहिल्या महायुद्धात लेखिकेने रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते आणि विषांची ती माहिती या पहिल्या पुस्तकापासून कामाला आली आहे. येथून सुरुवात करून पोयरोची चार-पाच पुस्तके वाचावीत. ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ ही 1926 मधली कादंबरी त्यानंतरच उघडावी. अनेक याद्यांत ती वरच्या क्रमांकावर असते आणि म्हणून अनेक जण तिनेच आरंभ करतात, पण तिचे सामर्थ्य नियम पक्के ठाऊक असलेल्या वाचकालाच पुरते जाणवते. ती वाचण्याआधी तिच्याविषयीचा एकही लेख, प्रस्तावना किंवा मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नये. शेवटचे पान संपल्यावर लगेच पहिली तीन-चार प्रकरणे पुन्हा वाचावीत. माझ्या मते संपूर्ण वर्षातल्या वाचनाचा सर्वांत मोठा आनंद त्या तासाभरात आहे. पोयरोची अखेरची केस लेखिकेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवली होती आणि ती 1975 मध्ये प्रसिद्ध झाली. तिला पोयरोच्या वाचनात शेवटचेच स्थान द्यावे. मधे पालट हवा असेल तर तपास करणारी मिस मार्पल ही ख्रिस्तींची नायिका आहेच. तिची पहिली कादंबरी 1930 मधली आहे, आणि माणसांच्या बारीकसारीक स्वभावविशेषांवरून गुन्ह्यापर्यंत जाण्याची तिची रीत पोयरोपेक्षा अगदी निराळी आहे.

या टप्प्यात एक छोटी वही जवळ ठेवावी. सगळ्या संशयितांना एका दिवाणखान्यात जमवून गुप्तहेर बोलायला उभा राहिला, की पुस्तक मिटावे आणि ती रात्र तशीच जाऊ द्यावी. वहीत खुनी कोण, त्याने हे का केले आणि आपण कोणत्या पुराव्यावरून असे म्हणतो, एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. ‘एलरी क्वीन’ हे टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्या नात्यातल्या दोन भावांनी आपल्या आरंभीच्या कादंबऱ्यांत उलगड्याच्या आधी थांबून वाचकाला जाहीर आव्हानच दिले आहे. तसे आव्हान छापलेले नसले तरी ते आहे असे समजून वाचावे. उत्तर बरोबर आले की चुकले याला फारसे महत्त्व नाही. उलगडा वाचून झाल्यावर मागे जाऊन आपल्या नजरेतून निसटलेली दोन वाक्ये शोधून काढणे हे खरे काम आहे. ख्रिस्ती यांनी ती वाक्ये कुठे दडवली आहेत हे पाहण्यासारखे असते: कधी एखाद्या विनोदी संवादाच्या मध्यभागी, कधी वस्तूंच्या लांबलचक यादीत, कधी जिच्यावर कोणाचा विश्वास नाही अशा पात्राच्या तोंडी. अशा जागा वहीत नोंदवत गेले की चार-सहा पुस्तकांनंतर वाचनाचा वेग आपसूक मंदावतो आणि प्रत्येक परिच्छेदात रस वाटू लागतो. वही दुसऱ्याच्या हाती पडण्याची शक्यता असेल तर खुन्याचे नाव मात्र लिहू नये.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बंगालकडे वळावे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश बक्षी स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. दूरदर्शनवर 1993 मध्ये सुरू झालेल्या हिंदी मालिकेमुळे तो आपल्याकडे घरोघरी माहीत झाला, पण मूळ कथांत मालिकेपेक्षा पुष्कळ अधिक आहे. या कथा लेखनक्रमानेच वाचाव्यात, कारण होम्स किंवा पोयरो यांच्याप्रमाणे व्योमकेश एका वयात थांबलेला नाही. तो सत्यवतीच्या प्रेमात पडतो, लग्न करतो, बाप होतो, आणि त्याच्याभोवतीचे कोलकाताही युद्ध, फाळणी आणि स्वातंत्र्य यांतून जाते. मराठी वाचकाला आणखी एका कारणाने हा लेखक जवळचा वाटावा. शरदिंदु 1938 मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि 1952 पासून पुण्यात राहू लागले. सुमारे पंधरा वर्षे बाजूला ठेवलेला व्योमकेश त्यांनी त्याच सुमारास पुन्हा हाती घेतला होता, आणि कोलकात्याच्या गल्लीबोळांत घडणाऱ्या पुढच्या अनेक कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. त्यांच्या जोडीला सत्यजित राय यांचा फेलूदा घ्यावा. 1965 मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात तो प्रथम आला, आणि अशोक जैन यांनी केलेल्या अनुवादांमुळे तो आता मराठीतही सहज भेटतो. त्यातली एक कथा मूर्तिचोरांचा माग काढत वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत येऊन पोहोचते. फेलूदा हा घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाबरोबर एकत्र वाचण्याजोगा आहे. त्या वयाच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही त्याच फळीवर असावा.

मराठी रहस्यकथांच्या टप्प्यावर आपल्या मनातली एक अढी दूर करावी लागते. कित्येक घरांत ही पुस्तके अभ्यासाच्या पुस्तकाआड लपवून वाचली गेली, आणि म्हणून त्यांच्याविषयी प्रेमाने बोलले गेले तरी गांभीर्याने क्वचितच बोलले गेले. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय आणि काळा पहाड हे त्यांचे नायक दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होते. एवढ्या प्रचंड लेखनात सगळेच सारख्या तोलाचे नाही हे मान्य करून पुढे जावे, आणि त्यांच्या पुस्तकांकडून ख्रिस्तीच्या कोड्याची अपेक्षा ठेवू नये. त्यांची ताकद वेगात आहे. पहिल्या पानावर संकट उभे राहते, वाक्ये आखूड असतात, वर्णनात शब्द वाया जात नाहीत, आणि लिहिता-वाचता नुकताच आलेला माणूसही ते पुस्तक एका बैठकीत पुरे करू शकतो. मराठीत वाचनाची गोडी ज्यांनी तळागाळापर्यंत नेली, त्यांत या लेखनाचे स्थान फार वरचे आहे असे मी मानतो. अर्नाळकरांची एकाच नायकाची तीन-चार पुस्तके सलग वाचून मग गुरुनाथ नाईक यांच्या कॅप्टन दीपकडे जावे, आणि त्यानंतर सुहास शिरवळकर यांच्याकडे. शिरवळकरांचे नाव आज मुख्यतः ‘दुनियादारी’मुळे घेतले जाते, पण अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद हे त्यांचे नायक म्हणजे चार निराळ्या प्रकारच्या कथा आहेत. न्यायालयातली उलटतपासणी आवडणाऱ्याने वकील असलेल्या अमर विश्वासपासून सुरुवात करावी. या लेखकांचे संवाद शक्य तर मोठ्याने वाचून पाहावेत. शहरी मराठी बोलण्याची लकब त्यांत जशी पकडली आहे, तशी त्या काळच्या प्रतिष्ठित कादंबरीतही दर वेळी सापडत नाही.

ही पुस्तके मिळवणे हे मात्र कष्टाचे काम आहे. काहींच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत, पण पुष्कळशी पुस्तके बाजारात नाहीत. प्रथम आपल्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. पुणे नगर वाचन मंदिर 1848 मधले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मधले आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 मधले. अशा जुन्या संस्थांच्या शहरांत राहणाऱ्यांनी वर्गणी भरून सभासद व्हावेच. वाचनालयात गेल्यावर ‘जुन्या रहस्यकथा आहेत का’ असा मोघम प्रश्न विचारण्याऐवजी लेखकाचे आणि नायकाचे नाव सांगावे, कारण अशी पुस्तके पुष्कळदा मुख्य कपाटांत नसतात आणि जुन्या कर्मचाऱ्यालाच त्यांची जागा ठाऊक असते. त्यानंतर रद्दीची आणि जुन्या पुस्तकांची दुकाने पाहावीत. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर हिंडण्यासाठी एखादी सकाळ मोकळी ठेवावी. विकत घेण्यापूर्वी शेवटची आठ-दहा पाने जागेवर आहेत ना, हे न वाचता केवळ पृष्ठांक पाहून तपासावे. हातोहात फिरलेल्या पुस्तकांची शेवटची पानेच आधी सुटतात, आणि रहस्यकथेच्या बाबतीत तेवढे नुकसान पुस्तक पूर्ण वाया घालवते. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी सुट्टीत मायदेशी येण्यापूर्वीच यादी तयार करून नातेवाइकांकडे पाठवावी, कारण असा शोध चार दिवसांत पुरा होत नाही.

पावसाळा गूढकथा आणि भयकथा यांना द्यावा. नारायण धारप यांची पुस्तके रात्री आणि एकट्याने वाचावीत, ही सूचना मी अगदी मनापासून करतो. त्यांची भीती ओळखीच्या घरातून, नात्यागोत्यांतून आणि साध्या व्यवहारातून हळूहळू वर येते, त्यामुळे लोकलच्या गर्दीत दहा-दहा मिनिटे वाचून ती अंगात भिनत नाही. अमानवी शक्तींशी झुंजणाऱ्या ‘समर्थ’ या त्यांच्या नायकाच्या कथा आधी वाचाव्यात, कारण तेथे वाचकाला आधार देणारा कोणीतरी असतो. ज्या कादंबऱ्यांत असा आधार नाही त्या नंतर घ्याव्यात. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांचा पोत वेगळा आहे. ‘खेकडा’सारख्या कथेत भुताखेतांपेक्षा माणसाच्या मनातला काळोख अधिक भिववतो, आणि नाटककार असल्यामुळे शेवटचे वाक्य कुठे टाकायचे हे त्यांना अचूक साधते. त्यांच्या कथा एका दिवशी एकीपेक्षा अधिक वाचू नयेत. विज्ञानकथेला थोडी जागा द्यायची असेल तर जयंत नारळीकर यांच्यापासून आरंभ करावा. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 मधल्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती, म्हणजे नावाच्या वजनाशिवाय परीक्षकांनी तिच्याकडे पाहावे. त्यांच्या कथांतही हाच सरळपणा आहे.

दिवाळीत अर्थातच अंकांचा क्रम. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ या अंकांनी रहस्य, गूढ आणि अद्भुत कथांची परंपरा चालवली आहे, आणि नवे मराठी लेखक शोधण्यासाठी त्यांच्याइतके योग्य ठिकाण नाही. अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही. ज्यांची नावे कधी ऐकलेली नाहीत अशा लेखकांच्या कथा आधी वाचाव्यात आणि आवडलेली नावे वहीत उतरवून घ्यावीत.

वर्षाच्या अखेरीस, जेव्हा ‘खुनी कोण’ या प्रश्नाची भूक भागलेली असते, तेव्हा दुसरे प्रश्न विचारणाऱ्या लेखकांकडे वळावे. बेल्जियममध्ये जन्मलेले जॉर्ज सिमेनॉं यांनी 1931 पासून इन्स्पेक्टर मेग्रेवर 75 कादंबऱ्या लिहिल्या. त्या लहान आहेत, एका संध्याकाळी संपतात, आणि मेग्रेचे लक्ष पुराव्यापेक्षा हा माणूस या गुन्ह्यापर्यंत कसा आला याकडे असते. स्वीडनमधले मॅय शोवाल आणि पेर वालू हे जोडीदार 1965 ते 1975 या काळात पोलीस अधिकारी मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या लिहीत होते; त्या दहा मिळून एका समाजाचे चित्र उभे राहते, म्हणून क्रम मोडू नये. जपानच्या केइगो हिगाशिनो यांच्या 2005 मधल्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ मध्ये खून आणि खुनी दोन्ही आरंभीच वाचकाच्या डोळ्यांसमोर येतात, आणि तरीही कोडे अखेरपर्यंत शाबूत राहते. ख्रिस्ती वाचून आलेल्या माणसाला ही करामत अधिक भावते. मुंबईची ओढ असणाऱ्यांनी एच. आर. एफ. कीटिंग यांचा इन्स्पेक्टर घोटे पाहावा. 1964 मध्ये त्याची पहिली कादंबरी आली, तोवर लेखकाने भारतात पाऊलही टाकले नव्हते. त्यांनी दुरून रचलेली ती मुंबई कुठे पटते आणि कुठे नाही, हे मुंबईकर वाचकाइतके चांगले कोण सांगणार?

जुन्या पुस्तकांत आपल्याला टोचणारे पुष्कळ काही येते, आणि त्याची तयारी मनात असावी. होम्सच्या 1890 मधल्या दुसऱ्या कादंबरीत अंदमानच्या आदिवासीचे केलेले चित्रण किळसवाणे आहे, ख्रिस्तीच्या 1939 मधल्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचे मूळ नाव वर्णद्वेषी असल्यामुळे पुढे बदलावे लागले, आणि मराठी रहस्यकथांतही स्त्रियांना अनेकदा केवळ मोहात पाडण्यासाठी किंवा सोडवले जाण्यासाठी ठेवलेले दिसते. असे पान आले की ते नजरेआड करू नये, वहीत स्पष्ट नोंद करावी, आणि पुस्तकाचा बाकीचा आनंद त्याने बुडतो का, हे स्वतः ठरवावे. याच्या अगदी उलट उदाहरण म्हणून विल्की कॉलिन्स यांची 1868 मधली ‘द मूनस्टोन’ जरूर वाचावी. श्रीरंगपट्टणच्या 1799 मधल्या लुटीत हाती लागलेल्या हिऱ्याची ती गोष्ट आहे, आणि त्या काळच्या इंग्रज कादंबरीत क्वचित दिसणारी, लुटणाऱ्यांना जाब विचारण्याची वृत्ती तिच्यात आहे.

पन्नास पाने वाचूनही पुढे काय होणार याची उत्सुकता वाटली नाही, तर ते पुस्तक निःसंकोच सोडावे. मात्र एखाद्या लेखकाची लागोपाठ तीन पुस्तके फिकी वाटू लागली, तर दोष बहुधा सलग वाचनाचा असतो. दोन आठवडे वेगळ्या प्रकाराचे काही वाचून परत यावे. घरात किंवा मित्रमंडळींत आणखी कोणी याच वाटेने वाचत असेल तर एकच पुस्तक एकाच आठवड्यात वाचावे, उलगड्याच्या आधीच्या प्रकरणावर दोघांनीही थांबावे, आणि फोनवर आपापला संशयित सांगून मगच उरलेली पाने उघडावीत. ज्याने ते पुस्तक पूर्वी वाचलेले आहे त्याला या चर्चेत घेऊ नये, कारण तो काही बोलला नाही तरी त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळते.